वनस्पतींचे अर्क आणि आंतड्यांचा दाह

पोट बिघडलें असतां घरांतील वडील माणसांकडे धांव घ्यावी, आणि त्यांनीं ओवा, सुंठ, बेलफळाचा मुरंबा अथवा कुड्याच्या सालीचा काढा यांपैकीं कांहीं तरी पुढें करावें, हा आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम आहे. चार दिवसांच्या दुखण्यास तो बहुधा पुरतोही. परंतु पोटाचे असेही कांहीं विकार आहेत कीं, ते चार दिवसांत जात नाहींत. वर्षानुवर्षें माणसाची सोबत करितात. आंतड्यांचा दीर्घकालीन दाह हा त्यांपैकींच एक होय. त्यावर वनस्पतींपासून काढलेल्या अर्कांचा कितपत उपयोग होतो, याविषयीं गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुष्कळ परीक्षणें झालीं आहेत. त्यांचा वृत्तांत सांगावा, आणि तो सांगतां सांगतां औषध ‘लागू पडलें’ असें कशावरून म्हणावयाचें, हेंही थोडें उलगडून दाखवावें, असा ह्या लेखाचा हेतु आहे. अखेरचा भाग विशेषतः पालकांसाठीं आहे. कारण मुलास पुडी देणारे हात त्यांचेच असतात.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊं. ह्या नांवाखालीं मुख्यतः दोन रोग मोडतात. पहिल्यांत मोठ्या आंतड्याच्या आंतील अस्तरास सूज येऊन त्यावर व्रण पडतात. दाह गुदद्वाराकडून आरंभ होऊन सलग वर पसरतो, पण तो अस्तरापुरताच राहतो. ह्यास व्रणकारी बृहदांत्रदाह म्हणावें. डॉक्टर मंडळींत ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ हें नांव रूढ आहे, आणि तें लंडनचे डॉक्टर सॅम्युएल विल्क्स यांच्या १८५९ सालच्या एका वर्णनाशीं जोडलें जातें. दुसरा रोग तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गांत कोठेंही होऊं शकतो. तो एक भाग धरितो, मधला सोडितो, पुढचा पुन्हां धरितो, आणि आंतड्याच्या भिंतीची सर्व जाडी व्यापूं शकतो. त्यामुळें आंतडें अरुंद होणें किंवा त्यांतून नाडीव्रण फुटणें, असे प्रसंग येतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयांतील बरिल क्रोन, गिन्झबर्ग व ओपनहायमर या तिघांनीं १९३२ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. नांव मात्र एकट्या क्रोन यांचेंच त्यास चिकटलें.

हे दोन्ही रोग एकाचे दुसऱ्यास लागत नाहींत. आंतड्यांत कोट्यवधि सूक्ष्मजंतु सदैव वस्तीस असतात, आणि शरीराचें रक्षक दल त्यांस ओळखीचे शेजारी म्हणून वागवितें. ज्यांच्या अंगीं तशी आनुवंशिक प्रवृत्ति असते, त्यांच्या बाबतींत कांहीं निमित्तानें हा सलोखा बिघडतो. गांवच्या पहारेकऱ्यानें गांवकऱ्यांसच चोर समजून रात्रभर बडवीत सुटावें, तशांतला हा प्रकार. त्या झटापटींत अस्तर सोलवटून निघतें. पूर्वी हा युरोप-अमेरिकेचा रोग समजला जात असे. गेल्या कांहीं दशकांत भारतांतही त्याचे रुग्ण वाढत चालले आहेत.

शौचावाटे रक्त पडणें, दिवसांतून अनेक वेळां घाईनें उठावें लागणें, पोटांत मुरडा, ताप, वजन घटणें, अंगांतील रक्त कमी होऊन थकवा येणें, हीं मुख्य लक्षणें. लहान वयांत क्रोन रोग जडला तर कित्येकदां पोटाच्या तक्रारीआधींच उंची वाढण्याचें थांबतें, व आपलें मूल इतरांच्या मानानें खुरटलें एवढेंच आईबापांच्या ध्यानांत येतें. पुष्कळांस हा रोग पंधरा ते पस्तीस वर्षांच्या दरम्यान प्रथम दिसतो. म्हणजे आमचे वरच्या वर्गांतील विद्यार्थी त्या वयाच्या उंबरठ्यावरच उभे आहेत.

त्यांत पुन्हां लाजेचा भाग मोठा. माझ्या पाहण्यांतील नववींतला एक मुलगा तासाच्या मध्यें वारंवार बाहेर जाण्याची परवानगी मागे, आणि मागच्या बांकांवर हंशा पिके. पुढें त्यानें शाळेंत येणेंच सोडलें. सहा महिन्यांनीं निदान झालें, औषधांनीं तो चांगला सुधारला व पुन्हां वर्गांत बसूं लागला. मग ‘आतां बरा आहे’ म्हणून घरच्यांनीं गोळ्या बंद केल्या, आणि ओळखीच्या एका गृहस्थानें दिलेलें चूर्ण सुरू केलें. तें कशाचें होतें हें शेवटपर्यंत कोणास कळलें नाहीं. दोन महिन्यांत त्यास रुग्णालयांत न्यावें लागलें, आणि त्याचें तें वर्ष बुडालें. चूर्ण देणारा मनुष्य दुष्ट नव्हता; त्यास खरोखरीच त्या चूर्णाचा भरंवसा वाटत होता. असा भरंवसा कोठून उत्पन्न होतो, हें पुढें पाहूं.

आपल्या देशांत ह्या रोगासंबंधीं आणखी एक अडचण येते. हींच लक्षणें अमीबाजन्य आमांशांत दिसतात, आणि आंतड्याच्या क्षयांतही दिसतात. क्रोन रोग कोणता व आंतड्याचा क्षय कोणता, हें दुर्बिणीनें आंतडें पाहून व त्याचा कण सूक्ष्मदर्शकाखालीं तपासूनसुद्धां कित्येकदां लौकर ठरत नाहीं. चूक झाली तर ती महागांत पडते. कारण शरीराच्या रक्षक दलास आवरणारीं औषधें क्षयाच्या रुग्णास दिलीं तर क्षय बळावतो. कुड्याच्या सालीचीच गोष्ट घ्या. आमांशावर ती शतकानुशतकें वापरांत आहे, व तिचें कुटजारिष्ट प्रसिद्धच आहे. अतिसार, रक्तातिसार, ग्रहणी असे भेद प्राचीन वैद्यांनीं मोठ्या चिकाटीनें लक्षणांवरून केले, पण त्यांच्या हातीं सूक्ष्मदर्शक नव्हता. म्हणून ‘रक्तातिसारावर अमुक औषध’ हें जुनें वचन आजच्या कोणत्या रोगास लावावयाचें, हा प्रश्न प्रत्येक वेळीं नव्यानें विचारावा लागतो. जंतूमुळें झालेल्या आमांशावरील औषध पहारेकऱ्याच्या चुकीनें झालेल्या दाहास लागू पडेलच असें नाहीं.

वनस्पति आणि आधुनिक औषध हीं दोन परस्परविरोधी गोटांतलीं आहेत, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः सौम्य बृहदांत्रदाहावर आज सर्वांत आधीं जें औषध दिलें जातें, तें एका झाडाच्याच वंशांतलें आहे. त्याची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडांतील ऑक्सफर्डशायर परगण्यांत एडवर्ड स्टोन नांवाचे एक पाद्री होते. त्यांनीं विलो झाडाच्या सालीची पूड करून हिंवतापाच्या सुमारें पन्नास रुग्णांस दिली, व आपला अनुभव १७६३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविला. (आपल्याकडे ओढ्याकांठीं वाळुंज म्हणून जें झाड असतें, तें विलोचेंच भाऊबंद.) म्यूनिकचे योहान बुख्नर यांनीं १८२८ सालीं त्या सालींतून सॅलिसिन नांवाचें कडू सत्त्व वेगळें केलें, त्यापासून सॅलिसिलिक आम्ल, आणि १८९७ सालीं जर्मनींतील बायर कारखान्यांत फेलिक्स हॉफमन यांच्या हातून ॲस्पिरिन, असा हा वंश वाढत गेला. पुढें १९४० च्या सुमारास स्वीडनच्या डॉक्टर नन्ना स्वार्ट्झ ह्या विदुषींनीं सॅलिसिलिक आम्लाचा एक भाऊ सल्फा जातीच्या औषधाशीं जोडून तयार केलेलें नवें औषध वापरांत आणिलें. हेतु होता सांधेदुखीचा. पण ज्यांचें मोठें आंतडें सुजलेलें होतें, अशा रुग्णांस त्याचा विशेष गुण आला.

आतां ह्या जोडगोळींतील गुण कोणाचा? पुष्कळ वर्षें ह्या प्रश्नाचें निश्चित उत्तर नव्हतें. १९७७ सालीं ऑक्सफर्ड येथें बांगलादेशचे आझाद खान, पिरिस व ट्रूलव्ह यांनीं एक साधी पण मार्मिक युक्ति केली. अखंड औषध, नुसता सल्फाचा भाग, आणि नुसता सॅलिसिलिकाचा भाग, अशीं तीन द्रव्यें त्यांनीं निरनिराळ्या रुग्णांस बस्तीवाटे दिलीं. पहिल्यानें व तिसऱ्यानें गुण आला. दुसऱ्याचा फारसा उपयोग झाला नाहीं. म्हणजे सल्फाचा भाग हा केवळ टांगेवाला. तो आपल्या उतारूस लहान आंतड्यांतून सांभाळून नेऊन मोठ्या आंतड्यांत उतरवितो, आणि तेथील सूक्ष्मजंतु दोघांची गांठ सोडवितात. हल्लीं तो उतारू मेसालामाइन या नांवानें, निराळ्या वेष्टनांत, एकटाच प्रवास करितो. गंमत अशी कीं, त्याच घराण्यांतील ॲस्पिरिन व तत्सम वेदनाशामक गोळ्या ह्या रोग्यांपैकीं कित्येकांस बाधतात, आणि शांत झालेला दाह पुन्हां उफाळूं शकतो. तेव्हां ‘अमुक झाड चांगलें’ एवढें म्हणून भागत नाहीं. त्यांतील कोणतें द्रव्य, कोणत्या रूपानें, किती प्रमाणांत, व आंतड्याच्या कोणत्या भागापर्यंत पोंचतें, हें सर्व पाहावें लागतें.

आतां त्या भरंवशाच्या प्रश्नाकडे वळूं. ह्या रोगास भरती-ओहोटी असते. कांहीं महिने तो जोर करितो व मग कोणी कांहीं न करितांही कांहीं रुग्णांत ओसरतो. मनुष्य औषध शोधीत बाहेर पडतो तो भरतीच्या वेळीं. त्यानंतर ओहोटी आली कीं, त्या वेळीं जें कांहीं हातांत असेल त्यास यश मिळतें. हें किती प्रमाणांत घडतें, याचें मोजमापही झालें आहे. ऑक्सफर्डचे ट्रूलव्ह व विट्स यांनीं १९५५ सालीं कॉर्टिसोनच्या परीक्षणाचा निकाल प्रसिद्ध केला. त्यांत बृहदांत्रदाहाचे २१० रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांचे दोन गट पाडले. एकास कॉर्टिसोन दिलें, दुसऱ्यास हुबेहूब तशीच दिसणारी निरौषध गोळी दिली, आणि बाकीची शुश्रूषा दोघांसही सारखीच ठेविली. सहा आठवड्यांनंतर पहिल्या गटांतील शेंकडा ४१ रुग्ण लक्षणमुक्त झाले, दुसऱ्यांतील शेंकडा १६.

मित्रहो, ह्या १६ कडे नीट पाहा. त्यांच्या गोळींत औषध नव्हतें. त्या सहा आठवड्यांत त्यांस कोणी तुळशीचा पाला दिला असता, तर तुळशीनें बरे झालेले सोळा साक्षीदार उभे राहिले असते, आणि त्यांतील एकही खोटें बोलत नसता. राहिलेले चौऱ्यायशीं सांगावयास सहसा कोणी येत नाहीं. म्हणून कोणत्याही अर्काची परीक्षा निरौषध गोळीच्या शेजारीं बसवूनच करावी लागते. ही कसोटी मनांत ठेवून आपण कांहीं वनस्पतींकडे पाहूं.

हळद पहिली. तिचा पिवळेपणा ज्या द्रव्यामुळें आहे, त्यास कर्क्युमिन म्हणतात. व्होगेल व पेलेतिए यांनीं तें १८१५ सालीं वेगळें केलें. विद्यार्थ्यांस त्याचे गुण घरींच पाहतां येतील. एका पेल्यांत पाणी व दुसऱ्यांत गोडें तेल घेऊन दोहोंत चिमूटभर हळद टाका. पाणी नुसतें गढूळ होतें व हळद तळाशीं बसते. तेलांत मात्र रंग उतरतो. हळदींत चुन्याची निवळी घातली कीं ती तांबडी होते, आणि कुंकू करण्याची जुनी रीत ह्याच गुणावर आधारलेली आहे. पाण्यांत न विरघळणारें हें द्रव्य आंतड्यांतून रक्तांत फारच थोडें शिरतें. बंगलोर येथें १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत २ ग्रॅम कर्क्युमिनाबरोबर मिऱ्यांतील पिपरीन हें द्रव्य २० मिलिग्रॅम दिलें, तेव्हां त्याचें शोषण सुमारें वीस पटींनीं वाढलें. हें वाचून पुष्कळ कारखानदारांनीं दोहोंची एकत्र गोळी काढिली. परंतु रोग जर आंतड्याच्या अस्तरांतच असेल, तर द्रव्यानें तेथेंच रेंगाळणें हा दोष कां मानावा, हें मला कळत नाहीं. उलट, अशा वाढीव शोषणाच्या कांहीं गोळ्यांनंतर यकृतास इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेंत व इटलींत झालेल्या आहेत.

परीक्षणांचा निकाल असा. जपानांत हानाई व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं ज्यांचा बृहदांत्रदाह शांत होता असे ८९ रुग्ण घेतले. नेहमींचें औषध चालूच ठेवून कांहींस १ ग्रॅम कर्क्युमिन दिवसांतून दोन वेळां, व इतरांस निरौषध गोळी, असा क्रम सहा महिने चालविला. अखेरच्या हिशेबांत कर्क्युमिन घेणाऱ्या ४३ पैकीं दोघांचा रोग उलटला होता, दुसऱ्या गटांतील ३९ पैकीं आठांचा. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या परीक्षणांत मेसालामाइननें पुरता गुण न आलेल्या सौम्य व मध्यम रोगाच्या ५० जणांस घेतलें. त्याच औषधाच्या जोडीस रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन मिळालेल्या २६ पैकीं १४ जण एका महिन्यांत लक्षणमुक्त झाले. निरौषध गोळी मिळालेल्या २४ पैकीं एकही नाहीं. हे आंकडे उत्साह देणारे आहेत. पण दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत ६२ रुग्णांवर रोज ४५० मिलिग्रॅम इतक्या अल्प प्रमाणाची परीक्षा झाली, आणि २०१७ सालीं तिचा निकाल आला, तो निरौषध गोळीहून बरा नव्हता. क्रोन रोगांत शस्त्रक्रियेनंतर रोग परतूं नये म्हणून फ्रान्समध्यें रोज ३ ग्रॅम देऊन पाहिलें; २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या परीक्षणांतही कांहीं लाभ दिसला नाहीं. तात्पर्य, बृहदांत्रदाहांत, पुरेशा प्रमाणांत, नेहमींच्या औषधाच्या जोडीस, असें तिहेरी बंधन घालूनच हळदीची स्तुति करितां येते.

येथें एक लहानसें गणित करूं. बाजारांतील हळदींत कर्क्युमिन सुमारें शेंकडा ३ असतें असें धरा. ३ ग्रॅम कर्क्युमिन पोटांत जाण्यास किती हळद खावी लागेल? उत्तर १०० ग्रॅम, आणि तीही रोज! दुधांत टाकलेल्या चमचाभर हळदींत फार तर ९० मिलिग्रॅम कर्क्युमिन येईल. रात्रीं हळदीचें दूध पिण्यास कोणाची हरकत नाहीं. पण तें पिऊन ‘परीक्षणांत सिद्ध झालेलें औषध घेतलें’ असें समजूं नये. १९९५ सालीं अमेरिकेंत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलें गेलें, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने दाखले पुढें मांडून तें १९९७ सालीं रद्द करविलें. आपणांस त्याचा अभिमान वाटावा हें योग्यच आहे. मात्र त्या दाखल्यांनीं हळदीचा उपयोग नवा नाहीं एवढें सिद्ध झालें. तिनें कोणता रोग बरा होतो हा प्रश्न निराळा.

हळदीहून विलक्षण गोष्ट निळीची आहे. नीळ, म्हणजे ज्या वनस्पतींच्या पानांपासून कापड रंगविण्याचा निळा रंग काढीत, ती. चीन देशांतील वैद्य त्याच पानांपासून केलेलें निळें चूर्ण ‘छिंग दाइ’ ह्या नांवानें औषधांत वापरीत आले आहेत. जपानांत बृहदांत्रदाहाच्या रुग्णांमध्यें त्याची कीर्ति पसरली, आणि लोक तें स्वतःच विकत आणून घेऊं लागले. तेव्हां नागानुमा व त्यांचे सहकारी यांनीं रीतसर परीक्षण हातीं घेतलें, त्याचा निकाल २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. ८६ रुग्णांचे चार गट केले. एकास निरौषध, इतरांस रोज अर्धा, एक व दोन ग्रॅम चूर्ण. आठ आठवड्यांनंतर निरौषध गटांत शेंकडा १४ जणांस गुण आला. चूर्णाच्या तीन गटांत अनुक्रमें ७०, ७५ व ८१. वनस्पतीच्या औषधास इतकें ठळक यश ह्या रोगांत क्वचितच मिळालें असेल. निळींतील द्रव्यें अस्तराच्या पेशींतील एका विशिष्ट ग्राहकास चेतवितात, आणि त्यामुळें अस्तराची डागडुजी करणारा संदेश सुटतो, अशी त्याची उपपत्ति आहे.

परंतु हें परीक्षण ठरल्याप्रमाणें पुरें झालें नाहीं. मध्येंच थांबवावें लागलें. परीक्षणाबाहेरील एका रुग्णानें स्वतः विकत आणलेली नीळ सहा महिने घेतली होती, आणि त्याच्या हृदयापासून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांतील दाब धोकादायक रीतीनें वाढल्याचें आढळलें. हा विकार जिवावर बेतूं शकतो. २०१६ च्या डिसेंबरांत जपानच्या आरोग्य खात्यानें त्याविषयीं इशारा दिला. नंतर देशभर केलेल्या पाहणींत नीळ घेतलेले ८७७ रुग्ण आढळले, व त्यांपैकीं ११ जणांस हाच विकार झालेला होता. यकृताच्या तक्रारी त्याहून अधिक. वनस्पति आहे म्हणून अपाय होणार नाहीं, ही समजूत इतक्या स्पष्टपणें खोडून काढणारें दुसरें उदाहरण मला ठाऊक नाहीं. ज्या द्रव्यांत आंतड्याचें अस्तर बदलण्याचें सामर्थ्य आहे, त्यांत दुसरी एखादी वाहिनी बदलण्याचेंही असूं शकतें. (कपड्यांस देण्याच्या निळीचा ह्या चूर्णाशीं कांहीं संबंध नाहीं, ती पोटांत घेण्याची वस्तु नव्हे, हें लहान वाचकांनीं लक्षांत ठेवावें.)

इतरांचा परामर्श थोडक्यांत घेऊं. इसबगोल आपल्या देशांत मुख्यतः गुजरात व राजस्थान ह्या प्रांतांत पिकतें. एक चमचा भुसी पेलाभर पाण्यांत टाकून दहा मिनिटांनीं पाहा. तिचा जो बुळबुळीत गोळा होतो, तो आंतड्यांत पचत नाहीं, पण मोठ्या आंतड्यांतील सूक्ष्मजंतु त्यांतील कांहीं भाग आंबवून ब्युटिरिक आम्ल बनवितात, व तें अस्तराच्या पेशींचें आवडतें अन्न आहे. स्पेनमध्यें १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत शांत झालेल्या बृहदांत्रदाहाच्या रुग्णांस वर्षभर इसबगोलाचें बीं, मेसालामाइन, किंवा दोन्ही दिलीं. रोग उलटण्याचें प्रमाण अनुक्रमें शेंकडा ४०, ३५ व ३० पडलें, म्हणजे फारसा फरक नाहीं. पण कोणास काय दिलें आहे हें तेथें सर्वांस ठाऊक होतें, आणि रुग्णही शंभराच्या आसपासच होते. तेव्हां त्यावर फार भार टाकूं नये. क्रोन रोगानें ज्यांचें आंतडें अरुंद झालें आहे, त्यांनीं तर इसबगोल डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊंच नये; फुगलेला गोळा तेथें अडकूं शकतो.

कोरफडीच्या गराची इंग्लंडांत ४४ रुग्णांवर परीक्षा झाली, व २००४ सालीं ती प्रसिद्ध झाली. चार आठवडे गर घेणाऱ्या ३० पैकीं ९ जण लक्षणमुक्त झाले, दुसऱ्या गटांतील १४ पैकीं एक. परीक्षण लहान आहे. शिवाय कोरफडीच्या सालीलगत जो पिवळा कडू चीक असतो, ज्याचा काळाबोळ करितात, तो कडक रेचक आहे. पान कापून घरीं गर काढितांना तोही सोबत येतो. रेच होत असलेल्या रुग्णास रेचक देणें म्हणजे आगींत तेल ओतणें होय.

किराईत, म्हणजे कोंकणांत तापावर देतात तें ओलें किराईत, बंगालचें कालमेघ. त्याच्या अर्काची कथा सर्वांत बोधप्रद आहे. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत २२४ रुग्ण होते. रोज १८०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ६० जणांस उतार पडला, निरौषध गटांत शेंकडा ४०; कांहींच्या अंगावर पुरळ उठलें. पुढचें मोठें परीक्षण सुरू झालें, आणि २०१४ सालीं अर्ध्या वाटेवरील हिशेबांतच यशाची आशा नाहीं असें दिसून तें बंद केलें गेलें. लहान परीक्षणांत चमकलेलें मोठ्यांत टिकतेंच असें नाहीं. सातपुड्याच्या रानांतील साळईच्या डिंकाचेंही तसेंच; आरंभींचीं लहान परीक्षणें आशादायक होतीं, पण क्रोन रोग शांत ठेवण्यासाठीं जर्मनींत झालेल्या, २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत तो निरौषध गोळीहून सरस ठरला नाहीं.

एक गोष्ट रसायनाच्या विद्यार्थ्यांसाठीं. काढा म्हणजे पाण्यांत जें उतरतें तेवढेंच. मद्यार्कांत निराळीं द्रव्यें उतरतात, तेलांत आणखी निराळीं. एकाच झाडाचीं पानें पावसाळ्यांत व उन्हाळ्यांत एकसारखीं नसतात. परीक्षणांतला अर्क ठराविक द्रव्याचें ठराविक प्रमाण राखून केलेला असतो. बाजारांतल्या डबीवर त्याच झाडाचें चित्र असलें म्हणून आंत तोच अर्क आहे असें होत नाहीं. कांहीं चूर्णांत शिसें व पारा आढळले आहेत, आणि कांहींत, दुर्दैवानें, कोणास न सांगतां मिसळलेलीं स्टेरॉइड औषधें. अशा पुडीनें चटकन उतार पडतो खरा, पण ती एकदम थांबविली कीं रुग्ण संकटांत सापडतो.

आतां पालकांस दोन शब्द. मुलाच्या शौचांत रक्त दिसलें, जुलाब तीन-चार आठवडे हटले नाहींत, रात्रीं झोपेंतून उठून शौचास जावें लागूं लागलें, किंवा वजन व उंची वाढेनाशी झाली, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडतां डॉक्टरांकडे जावें व निदान करून घ्यावें. निदान झाल्यावर कोणतीही वनस्पति द्यावयाची इच्छा असली तर ती लपवूं नये. डबी, पुडी, पाला, जें असेल तें घेऊन डॉक्टरांस दाखवावें. कांहीं वनस्पतींनीं नेहमींच्या औषधांचा परिणाम कमीअधिक होतो, आणि यकृताची रक्ततपासणी केव्हां करावी हें त्यांस ठरवितां येतें. चालू औषध स्वतः होऊन बंद करूं नये. स्टेरॉइड तर मुळींच एकाएकीं थांबवूं नये. मुलास वर्गांत केव्हांही बाहेर जाण्याची मुभा असावी म्हणून वर्गशिक्षकांस आधींच एक चिठ्ठी द्यावी. म्हणजे दर वेळीं सर्वांदेखत परवानगी मागण्याची पाळी त्यावर येणार नाहीं. आणि औषधानें म्हणा, अर्कानें म्हणा, लक्षणें पार नाहींशीं झालीं तरी, मोठ्या आंतड्यांत बराच दाह असलेल्या रुग्णाची रोग जडल्यापासून सुमारें आठ वर्षांनीं दुर्बिणीनें तपासणी करवावी, व पुढेंही डॉक्टर सांगतील त्या अंतरानें ती चालूं ठेवावी. कारण जुन्या दाहांतून कर्करोग उद्भवण्याचा संभव वाढतो, आणि त्याची वर्दी पोटदुखी आधीं देतेच असें नाहीं.